निगेटिव्हला एकच वायर

९ फेब्रुवारी

बारक्या,

गेल्या मंगळवारी सकाळी देवापुढे दिवा लावला, आईला चहा दिला, तिच्या नाकातली नळी सरळ केली आणि तू पाठवलेलं खोकं फोडलं. आधी तुझं चार पानी पत्र वाचलं, मग वस्तू पाहिली. एवढ्याशा पितळी ठोकळ्यासाठी चार पानं. आई म्हणाली, बारक्या लहानपणी पतंग उडवायला दिला तरी सोबत नियम सांगायचा.

तू लिहिलंस तसंच केलं. छपरावरच्या सोलर पॅनेलवर पोती टाकली, इन्व्हर्टर बंद केला, बॅटरीच्या निगेटिव्हवरची जाड केबल सोडवली आणि मध्ये तुझा शंट बसवला. मला समजलं ते असं, की बॅटरीत जाणारी आणि बॅटरीतून निघणारी सगळी वीज या ठोकळ्यातून जाणार, तो दारावरच्या पहारेकऱ्यासारखी ती मोजणार, आणि भिंतीवरच्या मीटरवर बॅटरी किती टक्के उरली ते दिसणार. इथपर्यंत ठीक.

दुपारी कडक ऊन होतं. मीटर म्हणालं, बॅटरी रिकामी होतेय. संध्याकाळी दिवे लावले, आईचं ऑक्सिजनचं मशीन लावलं, तर मीटर म्हणालं, भरतेय. दोन दिवस तसंच चालू दिलं. नवं यंत्र आहे, घराची सवय व्हायला वेळ लागत असेल, असं वाटलं. आज सहावा दिवस. अजून तेच.

फोन करायचा तर खाली बसथांब्यापर्यंत उतरावं लागतं, आणि तेवढा वेळ आईला एकटं ठेवत नाही. शिवाय फोनवर तू ओरडतोस. पत्रात निदान अक्षर चांगलं काढतोस. दुधाच्या गाडीवाला हे पत्र नेईल. काय करू ते सांग.

दादा


१४ फेब्रुवारी

दादा,

उलटा बसवलास. पहिल्याच पानावर, दुसऱ्या परिच्छेदात, लाल शाईने लिहिलं होतं की ‘बॅटरी’ असं कोरलेलं टोक बॅटरीकडे. तू सुतार आहेस. दाराची बिजागरी बाहेरच्या बाजूला लावतोस का?

मी एकवीस वर्षं मीटर तपासण्याच्या खात्यात आहे. अजून एकाही मीटरला कुठल्या घराची सवय झालेली पाहिली नाही.

ठोकळा फिरव. आणि पुन्हा एकदा लिहितो, कारण चार पानांतून तुझ्या डोक्यात एवढंच राहिलं तरी चालेल: बॅटरीच्या निगेटिव्हला एकच वायर. ती शंटला जाते. बाकी जे काही असेल, पॅनेलचा कंट्रोलर, इन्व्हर्टर, दिवे, तुझं रंधा मशीन, सगळ्यांचं निगेटिव्ह शंटच्या दुसऱ्या टोकावर. एखादी वायर शंट चुकवून थेट बॅटरीवर गेली, तर ती घेईल ती वीज मोजलीच जाणार नाही, आणि मीटर शहाण्यासारखा चेहरा करून खोटं सांगत राहील.

हे सगळं कशासाठी चाललंय ते विसरू नकोस. आईचं मशीन रात्रभर चालतं. मी तिला इकडे आणतो म्हणालो, ती नाही म्हणाली, आणि तू लगेच तिच्या बाजूने उभा राहिलास. मग आपलं ठरलं की मीटर बसेल, तू रोज सकाळ-संध्याकाळ आकडा लिहून ठेवशील, आणि त्या आकड्यावर भरवसा ठेवता आला तर ती तिथे राहील. नाही तर पंधरा एप्रिलला मी गाडी घेऊन येतो. मग कोणी रडायचं नाही आणि देवाला मध्ये आणायचं नाही.

बारक्या


२३ फेब्रुवारी

बारक्या,

ठोकळा फिरवला. आता दुपारी भरतेय म्हणतं आणि संध्याकाळी रिकामी होतेय म्हणतं. बिजागरीबद्दल जे लिहिलंस ते आईला वाचून दाखवलं नाही.

गेले चार दिवस लख्ख ऊन आहे. रोज दुपारी दोनपर्यंत शंभर, सकाळी उठल्यावर एक्कावन्न, बावन्न. वहीत लिहितो आहे. आई विचारते, आज किती? मी सांगतो, बावन्न. ती म्हणते, माझ्यापेक्षा बरी आहे.

तुझ्याकडे यायचं नाही हे तिने पुन्हा सांगितलं. तिथल्या खिडकीतून समोरच्यांचं वाळत घातलेलं दिसतं, तेही नेहमी तेच कपडे, असं तिचं म्हणणं आहे. इथे अंथरुणातून तिला उतार दिसतो आणि येणारंजाणारं माणूस दिसतं. तिला तेवढंच पाहिजे. पंधरा एप्रिलचं मी तिला सांगितलेलं नाही.

दादा


६ मार्च

बारक्या,

तू चिडशील, पण लिहायलाच हवं. एक तारखेपासून आकाश भरून आहे. पाऊस नाही, ऊनही नाही. बॅटरी पूर्ण भरत नव्हती, पण मीटर धीर देत होतं. काल झोपण्याआधी त्याने अडुसष्ट दाखवले. आज सकाळी साडेपाचला इन्व्हर्टर बंद पडला आणि आईचं मशीन थांबलं. मशीनची शिट्टी वाजली म्हणून जाग आली. मीटरकडे पाहिलं तर तिथे पंचेचाळीस. पंचेचाळीस टक्के बॅटरी आहे म्हणतं आणि घरात एक दिवा लागत नाही.

दोघांनी मिळून कोपऱ्यातलं सिलिंडर ओढत पलंगापाशी आणलं आणि नळी जोडली. आईचे ओठ काळसर झाले होते. दहा मिनिटांनी रंग परत आला. ती पहिलं काय बोलली असेल? बारक्याला कळवू नकोस.

मी कळवतो आहे. तुझ्या मीटरवर माझा राग आहे. मला काहीच ठाऊक नसतं तर मी काल आपणहून सिलिंडर जवळ आणून ठेवलं असतं. खोटा धीर देणाऱ्यापेक्षा गप्प बसणारा बरा.

दादा


१० मार्च

दादा,

तुझं पत्र वाचून मी कामावर गेलो नाही. बायकोने दोनदा विचारलं, मी तिच्यावरही ओरडलो.

मीटर खोटं बोलत नाही. त्याला जे दाखवलं जातं ते ते मोजतं. पाठवण्याआधी मी आमच्या खात्याच्या टेबलावर तीन दिवस तपासलं होतं. तेव्हा राग जरा बाजूला ठेव आणि मी विचारतो त्याची सरळ उत्तरं दे. शंटचे बोल्ट पान्याने आवळलेस की हाताने? मीटरमध्ये बॅटरीची क्षमता दोनशेच भरलीस ना, की अंदाजे काही दाबलंस? आणि बॅटरीच्या निगेटिव्हवर वायरी किती आहेत?

सोबत टाँग टेस्टर पाठवतोय. चिमट्यासारखा उघडतो, वायरीभोवती लावायचा, आतून किती करंट जातोय ते सांगतो. वायर कापायची नाही, सोलायची नाही. तुला हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. निगेटिव्हच्या केबलला लाव आणि मीटरचा आकडा जुळतो का बघ.

तोवर सिलिंडर रोज पलंगापाशी. आईला माझ्यापासून काही लपवू नकोस म्हणावं. लपवायला तू आहेसच.

बारक्या


१५ मार्च

बारक्या,

बोल्ट पान्याने आवळले आहेत. आयुष्यभर लाकूड आवळत आलो, पितळ हाताने आवळेन का? क्षमता दोनशेच भरली आहे. तू चित्रात काढलीस ती निगेटिव्हची वायर एकच आहे आणि ती घट्ट आहे.

टाँग टेस्टर लावला. मीटर बारा अँपिअर म्हणत होतं, टेस्टरनेही बाराच सांगितले. रंधा मशीन चालू केलं, मीटर छत्तीसवर गेलं, टेस्टरही छत्तीसवर. संध्याकाळी आईच्या मशीनवर पुन्हा पाहिलं, दोघांचं एकमत. म्हणजे तुझं मीटर बरोबर आहे. त्याच्याबद्दल जे लिहिलं ते मागे घेतो.

आता ऊन परतलं आहे आणि सगळं सुरळीत आहे. दुपारी शंभर, सकाळी बावन्न. कदाचित त्या दिवशी बॅटरीतच काही झालं असेल. सगळ्याच गोष्टींचा उलगडा आपल्याला होतो असं नाही. रोज सकाळी दिव्यापुढे बसलो की मला तरी तेवढंच कळतं.

दादा


१९ मार्च

दादा,

देवाला मध्ये आणायचं नाही असं मी लिहिलं होतं.

तू वहीतून उतरवून पाठवलेले आकडे आणि तुझी पत्रं समोर घेऊन बसलो. ऊन असतं तेव्हा बॅटरी रोज पूर्ण भरते आणि मीटर स्वतःला शंभरावर आणतं, म्हणजे आदल्या दिवसाची चूक पुसली जाते. ढगाळ दिवसांत बॅटरी भरत नाही, चूक पुसली जात नाही, साठत जाते. पाच दिवस ढग आणि मीटर पंचेचाळीस टक्क्यांनी चुकलं. दिवसाला नऊ. रोज तेवढीच, काल कमी आज जास्त नाही. बिघडलेल्या वस्तूला असा नेम नसतो, दादा. हे काहीतरी चांगलं चालणारं यंत्र आहे. दिवसरात्र थोडी थोडी वीज घेणारं आणि शंट चुकवून घेणारं.

मी विचारलं होतं, वायरी किती आहेत. तू लिहिलंस, मी चित्रात काढलेली एकच आहे. तुझा हा गुण मी लहानपणापासून ओळखतो. तू खोटं बोलत नाहीस. खरं एवढ्या काळजीने निवडून बोलतोस की खोट्याची गरजच पडत नाही.

आणखी एक. ‘दोघांनी मिळून’ सिलिंडर आणलं. आई पलंगावर होती. दुसरं कोण?

बारक्या


२३ मार्च

बारक्या,

दुसऱ्या म्हणजे भिंतीपलीकडच्या काकू.

आता तू पत्र खाली ठेवशील, खोलीत दोन फेऱ्या मारशील आणि भिंत घालून आपल्या वडिलांची, बापूंची, वाट अडवणाऱ्या त्यांच्या गवंडी नवऱ्याचं नाव काढशील. मार फेऱ्या, मग पुढचं वाच.

गवंडी जाऊन तीन वर्षं झाली. काकूंना साखर आहे, दिवसातून दोनदा इन्शुलिन टोचून घेतात. त्यांच्याकडे वीज नाही. बाटल्या ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायच्या, त्या खराब व्हायच्या, आणि काकू खराब झालेलंच टोचून घ्यायच्या. मागच्या उन्हाळ्यात दोनदा चक्कर येऊन पडल्या. दवाखान्याच्या नर्सबाईंनी त्यांना बॅटरीवर चालणारा जुना पेटीफ्रीज दिला, पण बॅटरी कुठली? तेव्हा मी आपल्याकडून वायर नेली. ज्या भिंतीने बापूंना शेवटची सहा वर्षं दुखऱ्या गुडघ्यांनी मोठ्या वळणाने घरी यायला लावलं, तिलाच तुझ्या ड्रिलने भोक पाडलं आणि त्यातून नेली. तुला तेवढं तरी आवडेल.

फ्यूज लावला आहे. तेवढा अडाणी नाही.

तुझा शंट आला तेव्हा मी ती वायर हातात घेऊन बराच वेळ बसलो. तू लिहिलेलं मला समजलं होतं. दुसऱ्या टोकावर लावली असती तर काकूंचा फ्रीज रोज वहीत उतरला असता आणि तू विचारलं असतंस, हे काय? ते एक. पण तेच एक नव्हतं. लहानपणी दारात कोणी आलं की आई पीठ ओंजळीने द्यायची, वाटीने कधीच नाही. मोजून दिलं तर ते देणं नाही, असं म्हणायची. हे माझ्या मनात इतकं खोल बसलं आहे की दुसऱ्याला दिलेली वीज भिंतीवर आकडा होऊन दिसणार, याची मला लाज वाटली. म्हणून ती तेवढी एक वायर मी परत थेट बॅटरीवर लावली. मोजायचं ते आपलं मोजू, त्यांचं नको, असा विचार केला.

त्या दिवशी आईच्या मशीनची शिट्टी भिंतीपलीकडे ऐकू गेली. काकू अनवाणी धावत आल्या. सिलिंडरची चावी मला फिरत नव्हती, ती त्यांनी फिरवली. मी आईच्या ओठांकडे पाहत होतो आणि मला ठाऊक होतं की हे मीटरने केलेलं नाही. तरी तुला पत्रात मीटरच लिहिलं.

आता सांग. ओरडायचं तर ओरड.

दादा


२७ मार्च

दादा,

ओरडून झालं. घरातल्या सगळ्यांनी ऐकलं, तू सोडून.

काकूंबद्दल मी काही लिहीत नाही, कारण जे लिहीन ते पुढे वाचायला मलाच लाज वाटेल. पण तुझ्या पुण्याईने आई त्या सकाळी दहा मिनिटं श्वासाला महाग झाली, हे कुठेतरी लिहून ठेव. तुझ्या त्या वहीत, आकड्यांच्या शेजारी. वीज मोजली म्हणून दान बाटत नाही. मोजली नाही म्हणून बॅटरी संपते. माझ्या खात्यात शिपायालाही हे कळतं.

वायर तोडायची की शंटच्या दुसऱ्या टोकावर लावायची, हे तुझं तू ठरव. मी सांगितलं तर पुढची वीस वर्षं तू ‘बारक्याने तोडायला लावली’ असं न बोलता तोंडावर दाखवत राहशील. मला फक्त खरा आकडा हवा.

आणि खरा आकडा आला की काय दिसेल ते आत्ताच सांगतो. आईचं मशीन, काकूंचा फ्रीज, तुझं रंधा मशीन. ढगाळ हवेत ही तिन्ही चालत नाहीत. कितीही नमस्कार केलेस तरी नाही. एक काढावं लागेल. ठरवायला तुझ्याकडे पंधरा एप्रिलपर्यंत वेळ आहे. गाडी मी सांगून ठेवली आहे.

बारक्या


६ एप्रिल

बारक्या,

तुझं पत्र एकतीस तारखेला सकाळी मिळालं. दोनदा वाचलं आणि मग आईला सगळंच वाचून दाखवलं, माझी आधीची पत्रंही आणि पंधरा एप्रिलचंही. ती डोळे मिटून ऐकत होती. मला वाटलं झोपली. तर म्हणाली, “ओंजळीने द्यायचे हे तुझ्या लक्षात राहिलं. दिल्यावर काय करायचे ते राहिलं नाही का?”

मी म्हटलं, काय करायचीस?

“पिठाच्या डब्यात तळापर्यंत हात घालून बघायचे. रोज. पीठ कोपरापर्यंत लागलं तर उद्या दारातल्याला आहे. खाली गेलं तर त्या दिवशी मी अर्धीच खायचे आणि तुम्हाला कळू द्यायचे नाही. न बघता देत सुटले असते तर तुम्ही दोघं उपाशी मेला असता, आणि बारक्या तेव्हाही माझ्यावर ओरडला असता.”

एकोणपन्नास वर्षांचा झालो, रोज सकाळी हात जोडतो, आणि अर्धीच गोष्ट शिकून बसलो होतो. तिने दिलेलं मोजलं नाही. उरलेलं रोज मोजलं.

मग मी काकूंकडे गेलो आणि त्यांनाही सगळं सांगितलं. आईचं मशीन त्यांच्या फ्रीजमुळे बंद पडलं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. त्या उठल्या आणि बाटल्या बाहेर काढायला लागल्या. म्हणाल्या, परत फडक्यात ठेवते, काढून टाक तुझी वायर. मी म्हटलं, काढायला आलो नाही, हलवायची आहे, बॅटरीपाशी कंदील धरायला या. जाताना म्हणाल्या, “बारक्याला लिही, भिंत माझ्या नवऱ्याने घातली. मी तेव्हा त्याच्याशी चार महिने बोलले नव्हते. तुमच्याकडून कोणी विचारलंच नाही.” लिहायला सांगितलं, म्हणून लिहिलं.

तू काढायला सांगितलेलं एक मी त्याच दुपारी काढलं. रंधा मशीन. खालच्या वळणावर लाकडी पेट्या बनवणारा आहे, त्याला दिलं, त्याच्याकडे लाईनची वीज आहे. बापूंचे हातरंधे माळ्यावर होते. पाती गंजली होती, घासली. दाराच्या एका फळीला पूर्वी पाऊण तास लागायचा, आता दुपार जाते. खांदे दुखतात. आई म्हणते, घरात लाकडाचा वास पुन्हा नीट यायला लागला, त्या मशीनने तोही उडवला होता.

एक तारखेला बॅटरी शंभर झाली आणि दोन तारखेपासून पुन्हा ढग आले, जणू तुझ्याच खात्यातून तपासायला पाठवले होते. पाच दिवस झाले. टाँग टेस्टर आधी जाड केबलला लावतो, मग शंटच्या पलीकडच्या प्रत्येक वायरीला, काकूंच्याही, आणि बेरीज करतो. बेरीज जुळते. सकाळचे आकडे वहीतून उतरवतो: बासष्ट, चोपन्न, सत्तेचाळीस, एक्केचाळीस. आज छत्तीस, आणि दिवा लागतो आहे. सिलिंडर पलंगापाशीच आहे. काकू रोज सकाळी येऊन आकडा बघतात. काल म्हणाल्या, कमी झालाय, आज माझा फ्रीज दोन तास बंद ठेव, बाटल्या गार राहतात तेवढ्या. मी ठेवला. सहा मार्चच्या आकड्याशेजारी ‘दहा मिनिटं श्वासाला महाग’ हे तुझं वाक्यही वहीत लिहिलं आहे, जसंच्या तसं.

पंधराला गाडी घेऊन ये. आईला न्यायचं की नाही ते तू स्वतः मोजून ठरव, मी मध्ये बोलणार नाही. पण आधी बॅटरीच्या खोलीत जा आणि वाकून बघ. काकूंची वायर आता शंटच्या दुसऱ्या टोकावर आहे, बाकीच्यांच्या रांगेत. आणि हे मी एकही शब्द निवडून न घेता लिहितो आहे: बॅटरीच्या निगेटिव्हला एकच वायर आहे.

दादा